हट्टी कोण: दुखणें कीं उपचार?

"मला सायनस आहे," हें वाक्य महाराष्ट्रांतील कोणत्याहि घरांत, कचेरींत किंवा लोकलच्या डब्यांत सहज कानीं पडतें. आणि ऐकणारा गृहस्थ तितक्याच सहजतेनें "अहो, मलाहि आहे" असें उत्तर देतो. दोघांचेंहि म्हणणें अक्षरशः खरें असतें. सायनस म्हणजे नाकाच्या आसपासच्या हाडांत असलेल्या हवेच्या पोकळ्या. त्या बोलणाऱ्यास आहेत, ऐकणाऱ्यास आहेत, आणि हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकासहि आहेत. "मला यकृत आहे" किंवा "मला कोपर आहे" अशी तक्रार घेऊन कोणी वैद्याकडे जात नाहीं. मग अवयवाचें नांव तेंच रोगाचें नांव होण्याचा मान एकट्या सायनसालाच कां मिळावा?

यावर कोणी म्हणेल कीं, शब्दांची चिकित्सा मासिकांनीं करावी आणि रोगांची डॉक्टरांनीं. एकानें दुसऱ्याच्या शेतांत नांगर घालूं नये. आम्हांस ही वांटणी मान्य नाहीं. ज्या रोगाचें नांव धड नाहीं त्याचें निदान धड होत नाहीं, आणि जेथें निदान धड नाहीं तेथें औषध लागू पडलें तर तें दैवानेंच पडावयाचें. सायनस या एका शब्दाच्या पोतडींत आज चार दिवसांचें पडसें, वर्षानुवर्षांचा दाह, किडलेली दाढ, नाकांतील मोड, बुरशी आणि अर्धशिशी हीं सर्व एकत्र कोंबलेलीं आहेत. आणि पोतडी एक म्हणून औषधहि एकच, अशी आमच्या रुग्णांची व पुष्कळशा चिकित्सकांचीहि समजूत होऊन बसली आहे. ही समजूत नुसती चुकीची नव्हे, तर अपायकारक आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, ज्याला 'कशालाच दाद न देणारें हट्टी सायनस' म्हणतात, त्यांत हट्ट दुखण्याचा थोडा आणि उपचाराचा फार असतो.

प्रथम या पोकळ्यांचें काम पाहूं. त्यांच्या चार जोड्या आहेत: गालांच्या हाडांत एक, कपाळांत एक, दोन डोळ्यांच्या मधील चाळणीसारख्या हाडांत एक, आणि त्यांच्याहि मागें कवटीच्या तळाशीं एक. गालांतील पोकळीचें वर्णन नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्यानें १६५१ सालीं केलें, आणि पुढें कित्येक पिढ्या ती त्याच्याच नांवानें ओळखली जात असे. या पोकळ्यांच्या अस्तरांतून पातळ श्लेष्मा सतत पाझरतो. अस्तरावरील केंसासारखे अतिसूक्ष्म रोम तो ढकलीत ढकलीत पोकळीच्या दारापर्यंत नेतात, आणि तेथून तो नाकांत उतरतो. मौज अशी कीं, गालांतील पोकळीचें दार तळाशीं नसून छताजवळ आहे. म्हणजे माणूस बसला वा उभा असतां हे रोम रहाटाप्रमाणें पाणी वर चढवीत असतात. दार अगदीं अरुंद, कांहीं मिलिमीटरांचें. शिवाय गालांतील, कपाळांतील व डोळ्यांमधील पुढच्या पोकळ्यांचीं दारें नाकाच्या एकाच चिंचोळ्या बोळांत उघडतात. त्या बोळांत जराशी सूज आली कीं तिन्ही घरांची मोरी एकदम तुंबते. तुंबलेल्या मोरींत किडे होतात हें खरें; पण किड्यांवर औषध शिंपडल्यानें मोरी वाहूं लागत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. एवढा दृष्टान्त ध्यानांत ठेवला तर पुढील विवेचन अवघड नाहीं.

मोठ्या माणसास वर्षांतून दोनतीन वेळां पडसें होतें. तें विषाणूंमुळें होतें, आणि त्या दिवसांत नाकाबरोबर या पोकळ्यांचें अस्तरहि सुजतें. गाल जड होतात, डोकें ठणकतें, नाकांतून पिवळा-हिरवा स्राव येतो. हा रंग दिसला कीं घरांतील वडील मंडळी "आतां इन्फेक्शन झालें, स्ट्रॉंग गोळी घे" असा निकाल देऊन मोकळी होतात. परंतु तो रंग जंतूंचा नव्हे. आपल्याच शरीरांतील लढाऊ पांढऱ्या पेशींच्या द्रव्यामुळें तो येतो, आणि विषाणूच्या साध्या पडशांतहि येतो. अशा पडशांपैकीं ज्यांत पुढें जंतूंचा खरा शिरकाव होतो तीं शंभरांत दोहोंहून अधिक नसावींत, असा जाणत्यांचा अंदाज आहे. दहा दिवस लोटूनहि उतार नाहीं, किंवा बरें वाटूं लागून दुखणें पुन्हां उलटलें, किंवा आरंभापासूनच कडक ताप व चेहऱ्यांत तीव्र वेदना सलग तीनचार दिवस राहिल्या, तर जंतूंचा संशय घ्यावा. एरव्हीं घेऊं नये.

पण इतका धीर धरतो कोण? पांचव्या दिवशीं गोळी सुरू होते आणि आठव्या दिवशीं नाक मोकळें होतें. वस्तुतः तें गोळीवांचूनहि आठव्या दिवशीं मोकळें व्हावयाचेंच होतें. कावळा बसला आणि फांदी मोडली. फांदी मोडल्याचें श्रेय कावळ्यास मिळालें. न्यायशास्त्रांत काकतालीय न्याय म्हणून ज्याची थट्टा केली जाते, त्यावरच आमच्या घरगुती वैद्यकाची इमारत उभी आहे. पुढच्या पडशाला तोच कावळा पुन्हां बोलावला जातो, आणि तो बसूनहि फांदी मोडली नाहीं म्हणजे अधिक मोठा कावळा शोधण्यास लोक निघतात.

आतां खऱ्या वादाकडे वळूं. बारा आठवड्यांहून अधिक काळ नाक चोंदलेलें, पुढून वा मागून घशांत स्राव, चेहऱ्यावर दाब, आणि वास येईनासा झालेला, अशी अवस्था राहिली म्हणजे तिला जुनाट सायनसदाह म्हणतात. 'दाह' हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. नवें पडसें आणि जुनाट दाह हीं एकाच रोगाचीं लहानमोठीं रूपें नव्हेत. दुसऱ्यांत जंतु सांपडतात, पण पुष्कळदां ते धनी नसून पाहुणे असतात. मूळ बिघाड अस्तराच्या दीर्घकालीन सुजेचा आणि तुंबलेल्या वाटेचा असतो. युरोपांतील तज्ज्ञांनीं २०२० सालीं या रोगाविषयीं जें मार्गदर्शन प्रसिद्ध केलें, त्यांत मिठाच्या पाण्यानें नाक धुणें आणि नाकांत मारावयाचा स्टिरॉइडचा फवारा यांस पहिलें स्थान दिलें आहे. प्रतिजैविकांच्या अल्प मुदतीच्या फेऱ्यांविषयीं मात्र भरंवसा धरावा असा पुरावा त्यांस आढळला नाहीं. जंतूंच्या शिकारीपेक्षां सूज उतरविणें व वाट मोकळी ठेवणें अधिक महत्त्वाचें, असाच याचा इत्यर्थ आहे. २०१९ सालीं अमेरिकेंत नाकांतील मोडांच्या रोगावर डुपिलुमॅब या औषधास परवानगी मिळाली. तें औषध एकहि जंतु मारीत नाहीं. शरीरांतील दाहाचा निरोप पोंचविणारी वाट तेवढी अडवितें. रोग केवळ जंतूंचा असता तर अशा औषधाचा उपयोग तरी काय झाला असता?

याच्या उलट आमच्याकडील रोग्याची यात्रा कशी होते ती पाहा. पहिल्या महिन्यांत पांच दिवसांच्या गोळ्या, थोडा उतार. दुसऱ्या महिन्यांत त्याच गोळ्या, पण या वेळीं डॉक्टरांस न विचारतां, जुनी चिठ्ठी दाखवून. तिसऱ्या महिन्यांत डॉक्टर बदलतो आणि गोळी बदलते. चौथ्यांत गोळीऐवजीं इंजेक्शन येतें. या सर्व काळांत त्या नाकांत कोणी दुर्बीण घालून पाहिलेलें नसतें, वरच्या दाढांवर कोणी टिचकी मारलेली नसते, दम्याची चौकशी झालेली नसते, आणि "नाक मोकळें करण्यासाठीं दुसरें कांहीं घेतां काय?" हा साधा प्रश्नहि कोणी विचारलेला नसतो. सहा महिन्यांनीं निर्णय होतो कीं, हें सायनस हट्टी आहे. आम्ही विचारतों, ज्या शत्रूचें तोंड पाहिलें नाहीं, ठिकाण शोधलें नाहीं, नांव विचारलें नाहीं, त्याच्यावर अंधारांत बाण सोडून तो मेला नाहीं म्हणून त्यास चिवट म्हणणें हा कोठला न्याय? जखम मांडीला आणि मलम शेंडीला लावून, मांडीची जखम हट्टी आहे अशी फिर्याद करण्यासारखाच हा प्रकार आहे.

न पाहिल्यामुळें काय काय निसटतें? वरच्या दाढांचीं मुळें गालांतील पोकळीच्या तळाशीं इतकीं लगटून असतात कीं, दाढेच्या मुळाशीं झालेला पू सरळ वर शिरतो. एकाच बाजूनें दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल तर रोगी नाकाच्या डॉक्टराआधीं दातांच्या डॉक्टराकडेच पाठविण्याजोगा असतो. त्याला दहा तऱ्हांच्या गोळ्या दिल्या तरी दाढ आपली वर पू पाठवीत राहणारच. दुसऱ्या एखाद्याच्या पोकळींत बुरशीचा गोळा बसलेला असतो. प्रतिजैविकें जंतूंस मारतात, बुरशीस नव्हे. तो गोळा काढावाच लागतो. तिसऱ्यास नाकांत मोड, छातींत दमा आणि ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळीनें धाप, असें त्रिकूट असतें. आणि त्याचें डोकें दुखतें म्हणून तीच गोळी त्यास दिली जाते. चौथा गृहस्थ गेलें वर्षभर नाक मोकळें करणारे थेंब घालीत असतो. हे थेंब चारपांच दिवसांपुरते असतात. त्यापुढें त्यांचा अंमल उतरला कीं नाक पहिल्यापेक्षां अधिक चोंदतें, म्हणून पुन्हां थेंब, आणि थेंबांमुळें पुन्हां चोंदणें. त्याचा रोग औषधाच्या कुपींतच आहे. पांचव्यास कोणी "नाकाचें हाड वाढलें आहे" असें सांगितलेलें असतें. तें हाड वाढलेलें नसतें, मधला पडदा वांकडा असतो. आणि पडदा कमीजास्त वांकडा असलेलीं माणसें सर्वत्र सुखानें हिंडत असल्यामुळें, त्याच्या दुखण्याचें कारण तोच पडदा आहे कीं दुसरेंच कांहीं, हें पाहणें उरतेंच.

आणि सहाव्यास सायनसचा रोगच नसतो! २००४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, आपली डोकेदुखी सायनसची आहे असें स्वतः मानणारे किंवा डॉक्टरांनीं तसें सांगितलेले सुमारे तीन हजार लोक तपासले. त्यांपैकीं शेंकडा ८८ जणांची डोकेदुखी अर्धशिशीच्या जातीची निघाली. अर्धशिशींत नाक वाहतें, डोळ्यांस पाणी येतें, गालांत दुखतें. म्हणून ती सायनसच्या नांवावर खपून जाते. या लोकांनीं पोटांत घेतलेलीं प्रतिजैविकें कोणत्या जंतूंवर चाललीं असतील? आंतड्यांतील निरुपद्रवी जंतूंवर! चोर सोडून संन्याशाला सुळीं देणें म्हणतात तें याहून वेगळें नाहीं.

येथें कोणी म्हणेल, "गोळीनें गुण आला नाहीं तरी बिघडलें काय? फार तर पैसे वायां गेले." हा आक्षेप आम्ही सर्वांत धोक्याचा समजतों. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९४५ सालच्या डिसेंबरांत नोबेल पारितोषिक स्वीकारतांना केलेल्या भाषणांतच इशारा दिला होता कीं, हें औषध दुकानांतून कोणासहि मिळूं लागेल तेव्हां अज्ञ माणूस तें अपुऱ्या प्रमाणांत घेईल आणि जंतूंस न मारतां त्यांस तें पचविण्याचेंच शिक्षण देईल. त्यांची भीति अक्षरशः खरी ठरली. भारतांतील खाजगी क्षेत्रांत २०१९ सालीं खपलेल्या प्रतिजैविकांचा अभ्यास २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत अझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी पहिली आणि सेफिक्सिमची २०० मिलिग्रॅमची गोळी दुसरी आली. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं प्रतिजैविकांची जी तीन गटांत विभागणी केली, तींत हीं दोन्ही औषधें जपून वापरावयाच्या गटांत आहेत. दरमाणशीं खप पाहिला तर आम्ही जगांत सर्वांच्या पुढें आहों असें नाहीं, हेंहि त्याच अभ्यासांत दिसतें. आमचा दोष किती घेतों यापेक्षां काय घेतों आणि कशासाठीं घेतों यांत आहे. ज्या शस्त्राची गरज न्यूमोनियाच्या खाटेशीं पडावयाची, तें आम्ही पडशावर बोथट करून ठेवतों. सरकारनें २०१३ सालीं 'एच-१' नांवाची नवी अनुसूची काढून, १ मार्च २०१४ पासून तींतील औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद तीन वर्षें जपून ठेवण्याचें बंधन दुकानदारांवर घातलें. कायदा चांगला आहे. पण जुनी चिठ्ठी पुढें सरकविणारा हात आमचा आहे, तो कायद्यानें एकट्यानें कसा आवरावा?

चिकित्सकांच्या बाजूनेंहि दोन शब्द बोलणें न्यायाचें होईल. दारांत चाळीस रोगी बसलेले असतां प्रत्येकाच्या नाकाचा इतिहास ऐकावयास त्यांस सवड नसते. आणि "दहा दिवस थांबा" असें सांगणाऱ्या डॉक्टरापेक्षां पहिल्याच दिवशीं चार रंगांच्या गोळ्या देणाऱ्याची कीर्ति अधिक होते. दोष रोग्याचाहि आहेच. परंतु जाणत्याचा दोष अजाणत्याच्या दोषाहून मोठा. रोग्यानें हट्ट धरला म्हणून गोळी दिली, असें म्हणणारा चिकित्सक गोळी देण्याचें काम दुकानदारासहि करतां येतें हेंच सिद्ध करीत असतो.

दुसरा आक्षेप गरिबीचा. "दुर्बीण आणि सीटी स्कॅन श्रीमंतांनीं करावें, सामान्य माणसास गोळीच परवडते." आम्ही विचारतों, सहा महिन्यांत सहा वेळां गोळ्या, तितक्याच वेळां डॉक्टरांची फी आणि बुडालेली मजुरी यांची बेरीज कोणी केली आहे काय? प्रत्येक पडशाला स्कॅन करावें असें आमचें म्हणणें नाहीं. तसें करणें हाहि मूर्खपणाच होईल. परंतु बारा आठवडे उलटल्यावर नाकांत एकदां नीट डोकावून पाहणें ही चैन नसून काटकसर आहे. सरकारी व महापालिकांच्या मोठ्या रुग्णालयांतून नाक-कान-घशाचे विभाग आहेत. तेथें एक दिवस रांगेंत उभें राहणें हें वर्षभर भलत्या गोळ्या गिळण्यापेक्षां स्वस्त पडतें.

तिसरे प्रतिपक्षी म्हणजे 'समूळ नाश'वाले जाहिरातदार. कोणी तेल विकतो, कोणी चूर्ण, आणि सर्वजण सुश्रुताच्या नांवानें. आयुर्वेदाविषयीं आम्हांस अनादर नाहीं. उलट या जाहिरातदारांनीं सुश्रुत वाचला असता तर बरें झालें असतें, असें वाटतें. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत प्रतिश्यायास स्वतंत्र अध्याय दिला आहे. त्यांत त्याचे पांच प्रकार सांगितले आहेत, कच्च्या व पक्व अवस्थांत भेद केला आहे, आणि उपेक्षा झाली म्हणजे तोच पुढें दुष्ट प्रतिश्याय होऊन कष्टसाध्य होतो असें बजावलें आहे. म्हणजे प्रकार ओळखा, अवस्था ओळखा, मग औषध द्या, ही त्या प्राचीन ग्रंथकाराची शिस्त. सर्व नाकांस एकच कुपी देणारा आधुनिक आयुर्वेदभक्त आणि सर्व नाकांस एकच गोळी देणारा आधुनिक डॉक्टर हे दोघे सख्खे भाऊ आहेत. सुश्रुताशीं मात्र दोघांचेंहि नातें नाहीं.

राहतां राहिली शस्त्रक्रिया. तिच्याविषयीं लोकांत दोन टोंकांचीं मतें आहेत: एक, "एकदां कापून टाका म्हणजे कटकट मिटली"; आणि दुसरें, "करूं नका, पुन्हां उलटतें." दोन्ही अर्धवट आहेत, आणि शस्त्रक्रियेचा इतिहासच त्यांस उत्तर देतो. न्यूयॉर्कच्या जॉर्ज कॉल्डवेल यांनीं १८९३ सालीं व पॅरिसच्या आंरी ल्यूक यांनीं १८९७ सालीं जी पद्धत वर्णिली, तींत ओठाखालून गालाच्या हाडास भोंक पाडून आंतील रोगट अस्तर खरवडून काढीत आणि स्राव वाहून जावा म्हणून खालच्या बाजूस नवें दार करीत. तर्क सरळ होता: पाणी खालीं वाहतें, तर दार खालीं हवें. पुढें ऑस्ट्रियांतील ग्रात्स येथील वॉल्टर मेसरक्लिंगर यांनीं दुर्बिणीनें बारकाईनें पाहिलें तेव्हां आढळलें कीं, खालीं नवें दार असूनहि ते सूक्ष्म रोम श्लेष्मा वरच्या जुन्या दाराकडेच नेत राहतात. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९७८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतून निघालेली आजची दुर्बिणीची शस्त्रक्रिया पोकळी खरवडून काढण्याऐवजीं तिची नैसर्गिक वाट मोकळी करते. ज्यांनीं नाक पाहिलें त्यांनीं उपचार बदलला. ज्यांनीं तर्कच केला ते भोंकें पाडीत राहिले. आमच्या सर्व प्रतिपादनाचें सार या एका उदाहरणांत आहे. परंतु वाट मोकळी झाली तरी अस्तराचा स्वभाव शस्त्रानें बदलत नाहीं. म्हणून शस्त्रक्रियेनंतरहि धुणें आणि फवारा चालू ठेवावा लागतो. तो पहिल्याच महिन्यांत सोडून देऊन "पुन्हां उलटलें" म्हणणारा रोगी, झाडणें सोडून केर पुन्हां कां आला असें विचारणाऱ्या घरधन्यासारखा आहे.

केवळ खंडन करून थांबणें आम्हांस शोभणार नाहीं. जुनाट दाहाचा खरा उपचार नीरस आहे, आणि म्हणूनच तो लोकप्रिय नाहीं. नेति ही हठयोगाच्या षट्कर्मांपैकीं एक. जुन्या ग्रंथांत ती सुताच्या दोऱ्यानें करावयाची सांगितली आहे, आणि पाण्यानें करावयाची ती जलनेति. मिठाच्या पाण्यानें नाक धुण्याची जी शिफारस आज युरोपांतील तज्ज्ञ करतात ती हिच्याच जातीची आहे. एका लिटर पाण्यास सुमारे ९ ग्रॅम मीठ हें प्रमाण. मात्र पाणी उकळून थंड केलेलेंच हवें. २०११ सालीं अमेरिकेंतील लुइझियाना राज्यांत नळाच्या पाण्यानें नाक धुणारीं दोन माणसें मेंदूवर हल्ला करणाऱ्या अमीबामुळें दगावलीं. हा प्रसंग विरळा असला तरी तो टाळण्यास चुलीवरचें एक भांडें पुरतें. फवारा तज्ज्ञाच्या सल्ल्यानें, आठवडेच्या आठवडे नेमानें घ्यावा लागतो. चार दिवसांत गुण नाहीं म्हणून तो टाकणें म्हणजे रोप लावून चौथ्या दिवशीं फळ मागणें होय. 'स्टिरॉइड' या शब्दास भिऊन पुष्कळ लोक हा फवारा नाकारतात, आणि तेच लोक दुकानांतून स्टिरॉइडच्या गोळ्या बेलाशक आणून गिळतात. फवाऱ्याचें प्रमाण अल्प आणि तें बहुतेक नाकापुरतें असतें. गोळी सर्व शरीरांत भिनते व मधुमेह भडकविते. २०२१ सालीं कोविडच्या दुसऱ्या लाटेंत मधुमेह आणि स्टिरॉइडांचा अनिर्बंध वापर यांच्या संगतीनें म्युकरमायकोसिस या बुरशीनें नाकांतून शिरून डोळ्यांपर्यंत व मेंदूपर्यंत कसा हाहाकार केला, तो महाराष्ट्र विसरला नसावा. म्हणून तोंडावाटे घ्यावयाचें स्टिरॉइड हें रोग्याच्या मर्जीचें औषध नव्हे. डोळ्याभोंवतीं सूज, एकाचे दोन दिसणें, नाकांत काळी खपली, मान ताठणें किंवा असह्य डोकेदुखी यांपैकीं कांहींहि दिसलें तर हा लेख, धुण्याचें भांडें आणि शेजाऱ्याचा सल्ला हीं तिन्ही बाजूस ठेवून त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. दुखणें एकाच बाजूचें असेल तरीहि तपासणीस उशीर करूं नये. कारण क्वचित् त्यामागें गांठ लपलेली असते.

वाचकांनीं यापुढें डॉक्टरांसमोर बसतांना तीन प्रश्न अवश्य विचारावे. मला नेमका कोणता रोग आहे? तो तोच आहे हें कशावरून ठरविलें? आणि या औषधानें गुण आला नाहीं, तर दुसरें औषध देण्याआधीं आपण काय पाहणार आहां? जो चिकित्सक या प्रश्नांनीं प्रसन्न होईल त्याचे पाय सोडूं नयेत. जो रागावेल त्याच्याकडे पुन्हां जाण्याची गरज नाहीं. नाक दाबलें म्हणजे तोंड उघडतें, अशी आमच्या भाषेंत म्हण आहे. आमच्या हजारों बांधवांचें नाक वर्षानुवर्षें दाबलेलेंच आहे. पण त्यांचें तोंड उघडतें तें आणखी एक गोळी गिळण्यापुरतें. तें प्रश्न विचारण्यासाठीं उघडूं लागेल, त्या दिवशीं पुष्कळशीं हट्टी दुखणीं आपला हट्ट सोडतील.